टाइम काय झाला, भाऊ?

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही. बायकोले नाही, मायले नाही, ज्या राजूसोबत एका ताटात जेवलो त्यालेही नाही. तुम्ही समोर बसले असते तं तुम्हालेही सांगतलं नसतं — तुमचं तोंड दिसत नाही म्हणून लिहून राहिलो.

पण आधी मॅचचं सांगू द्या. 'सारस'ची मॅच पाह्यली का कधी? नाही? मग भंडारा जिल्ह्यात येऊन पाह्यलं तरी काय हो तुम्ही? आमचा बास्केटबॉलचा संघ आहे — पगारी खेळाडू, स्वतःची बस, टीव्हीवर मॅच. लंबेलंबे पोट्टे, धानाच्या बांधीत उभ्या सारस पक्ष्यासारखे, म्हणून नाव सारस. भंडाऱ्याच्या हॉलमध्ये लाइट बंद होतात अन् भोंगा वाजते. साधासुधा बझर नाही, तुमसरच्या राइस मिलचा खरा भोंगा, मिलवाल्या शेठनं संघाले दिलेला. तो वाजला का पार नाकाडोंगरीहून आलेले लोकं खुर्च्यायवर चढतात. माझ्या अंगावर आजही काटा येते, खोटं कायले बोलू? अन् त्या भोंग्याचं बटण माझ्याजवळ राहते. माइकही माझ्याजवळ. सारसचा आवाज म्हणजे मी.

दुसरी टीम पंचाजवळ तक्रार घेऊन गेली का मी माइकवर एवढंच म्हणतो — "टाइम काय झाला, भाऊ?" बस. सारा हॉल डावं मनगट वर करते अन् त्यावर दोन बोटं ठोकते. हजारो हात, एकाच वेळी. ते पाह्यलं का डोक्यात नशा चढते. टी-शर्टावर छापलं लोकायनं ते. शाळेतले लेकरं करतात. पत्रकार विचारतात, हे सुरू कुठून झालं? मी हसतो. म्हणतो, मिलच्या आवारातून. तेवढं खरं आहे, म्हणून तेवढंच सांगतो.

उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान उकडतात अन् मिलच्या सिमेंटच्या आवारात वाळू घालतात. ते पायानं फिरवायचं काम माझं होतं. पाळी बदलली का भोंगाही मीच वाजवायचो. धान उचललं का तेच आवार आमचं मैदान. दोन टोकायले दोन लोखंडी खांब, अन् बॉल निसटू नये म्हणून तळहातावर भट्टीतली तुसाची राख. सारसचा कॅप्टन आजही मॅचच्या आधी तीच राख हातावर चोळते, तुमसरहून डब्यात भरून येते ती. आहे कोणत्या संघाजवळ असं काही? सांगा ना.

पाहा, मी पुन्हा भलतीकडंच चाललो. त्या मॅचवर यायचं आहे — येतो.

सारस नवा उभा होऊन राहिला होता तेव्हा ठरलं, तुमसर अन् आंधळगाव हे जिल्ह्यातले दोन तगडे संघ, त्यायची एक मॅच आमच्या आवारात. जो जिंकला त्याचे पाच पोट्टे सरळ सारसमध्ये. जो हरला तो घरी. काय गर्दी होती बाप्पा. मंडईतले हमाल धानाच्या बोऱ्यायच्या थप्पीवर चढले, आमचे पोट्टे भिंतीवर. पंचाजवळ शिटी होती, पण वेळ माझ्यावर सोडली होती — एका हातात घड्याळ, दुसरा हात भोंग्याच्या बटणावर. भाड्याच्या माइकवर बोलणाराही मीच.

आंधळगावचा कॅप्टन मोरेश्वर. कसा खेळायचा तो? आमच्या तिघायच्या मधातून असा निघायचा का आमचेच लोकं टाळ्या पिटायचे. त्याच्या एकट्याच्या जोरावर ते पुढं होते. पण शेवटी-शेवटी त्याचे पाच फाऊल झाले, त्याले बाहेर बसावं लागलं. कोणाचं तरी घड्याळ मागून घेतलं त्यानं अन् त्यावरच नजर लावून बसला. आम्ही एका पॉइंटनं मागं. बॉल आमच्या राजूजवळ.

काटा पुरा झाला. मी पाह्यला — माझ्या ह्या डोळ्यायनं पाह्यला. बटणावर अंगठा होता अन् मी दाबला नाही. राजूनं उडी घेतली, बॉल हातातून सुटला, मग दाबला. भोंगा वाजला तेव्हा बॉल हवेत होता. अन् हवेतला बॉल आत गेला तं पॉइंट मिळते. गेला.

सारं आवार नाचून राहिलं होतं. मोरेश्वर घड्याळ घेऊन पंचाकडं धावला. "सर, टाइम आधीच संपला होता. भोंगा उशिरा वाजला." पंचानं माझ्याकडं पाह्यलं. "काय गा, टाइमावर दाबला ना?"

"हो सर, टाइमावर," मी म्हटलं.

इथंच थांबलो असतो तं एक खोटं झालं असतं. पण तो हटेना. पुन्हा पुन्हा घड्याळ दाखवे. मग मी माइक उचलला — काहून उचलला? कोणं सांगतलं होतं? — अन् मनगटावर बोटं ठोकत म्हटलं, "टाइम काय झाला, भाऊ?" लोकं खो-खो हसले. मग साऱ्यायनं तसंच केलं, थप्पीवरच्यायनं, भिंतीवरच्यायनं. तो आवाराच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत करत राहिले. मले मजा आली. हे लिहायले जड जाते, पण मले लय मजा आली.

राजू सारसचा पहिला कॅप्टन झाला. शेठले माझा आवाज आवडला, मले माइक मिळाला. मोरेश्वर पुन्हा खेळला नाही. बाजारात लोकं त्याले पाहून मनगट ठोकत, किती वर्षं. आंधळगावात त्याचं खताबियाण्याचं दुकान आहे. त्याची पोरगी आता दहावीत आहे, बास्केटबॉल खेळते, अन् सारस म्हणजे तिचा जीव. तिच्यासाठी तो प्रत्येक मॅचले येते. एकदा बाहेर चहाच्या टपरीवर भेटला, म्हणे, "आवाज छान आहे गा तुमचा. पोरगी घरी तुमची नक्कल करते." मी चहा तसाच ठेवून निघालो.

मागच्या मॅचले समोरची टीम पंचाशी भांडली. मी म्हटलं ते, जे नेहमी म्हणतो. हॉलभर हात वर झाले अन् मोठ्या पडद्यावर कॅमेऱ्यानं नेमकी तीच पोरगी दाखवली — खुर्चीवर उभी, हसत-हसत मनगट ठोकून राहिलेली. हे आपल्याच बापाले चिडवायले सुरू झालं, हे तिले माहीत नाही. बाजूले मोरेश्वर बसला होता. तिनं त्याचा हात ओढला, बाबा, तुम्हीही करा ना, असंच म्हणत असेल. तो माझ्या टेबलाकडं पाहून राहिला होता. मग त्यानं हात वर केला. मनगटावर घड्याळ नव्हतं. पोरीकडं पाहून हसला अन् दोन बोटं ठोकली.

भोंगा उशिरा वाजला होता. मोरेश्वर खरं बोलला होता.