कंपनीनं लावलेलं गाणं

नाशिक रोड स्टेशनवर अण्णांनी माझी बॅग बाकाखाली सरकवली आणि ती हलते का ते ओढून पाहिलं. मुंबईला जाणाऱ्या फुलांच्या करंड्या गाडीत चढवताना ते पाहायचे, तसंच. अण्णा म्हणजे माझे वडील. दिंडोरीच्या अंगाला, डोंगराच्या आडोशाला आमचं गाव, आणि शेती झेंडू-शेवंतीची. मी बी.एस्सी. होऊन हैदराबादजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला निघाले होते. लग्न न झालेली पोरगी एवढ्या लांब पाठवता कशी, म्हणून भावकीनं अण्णांचं डोकं खाल्लं होतं. त्यांनी कुणाशी वाद घातला नाही, सरळ तिकीट काढून आणलं. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "फोन लागला नाय तर घाबरू नको. शेतात असू म्हणून समज." आई पदर तोंडाला लावून उभी होती, दादा स्टॉलवरून पाण्याची बाटली घेऊन पळत येत होता. मला रडू आलं नाही. मनमाडला गाडी बदलायची आहे, एवढंच डोक्यात होतं.

तुमच्यातले जे माझ्यासारखे नव्वदीच्या शेवटी बाहेर पडले, त्यांना एसटीडी बूथची काचेची खोली आठवत असेल. आत घाम, समोर मीटरचे पळणारे लाल आकडे आणि बोलायचं ते सगळं विसरलेलं. गावात फोन एकाच घरी, किराणा दुकानदाराकडे. आईला तिथं बोलावून आणेपर्यंत निम्मे पैसे संपायचे. मी हळूहळू तेलुगू शिकले. ऑटोवाल्याशी भांडण्यापुरती, मग भाजी घेण्यापुरती, मग हॉस्टेलच्या मैत्रिणींबरोबर हसण्यापुरती. भाकरीवाचून चालेना तेव्हा ज्वारीचं पीठ शोधलं, आणि पुढं भातानं भागायला लागलं तेव्हा ते शोधणंही बंद झालं.

मग मोबाइल आले. आमच्या गावात एका लहानशा कंपनीनं टॉवर उभा केला आणि अण्णांनी तिचं कार्ड घेतलं. तीच कंपनी आंध्रातही होती, म्हणून मलाही तिचंच घ्यायला लावलं, कारण आपापसात बोलणं स्वस्त पडायचं. पण अण्णांचं खरं कारण निराळं होतं. "हिचं हापीस नाशकात हाय," ते म्हणाले, "भांडायला जाता येतं." आणि ते गेलेही होते. बॅलन्स कापला म्हणून फुलबाजारातून थेट त्या ऑफिसात गेले आणि चहा पिऊन, पैसे परत घेऊन आले. पुढचे कित्येक महिने ती हकीकत मला फोनवर पुन्हापुन्हा ऐकावी लागली. त्या दिवसांत आम्ही खूप बोललो. झेंडूला भाव काय मिळाला इथपासून माझ्या लॅबमध्ये एसी किती थंड असतो इथपर्यंत. लांब गेल्यावर बाप आणि मी जास्त बोलायला लागलो, हे विचित्र आहे, पण खरं आहे.

अण्णा शेतातच गेले, सकाळी फुलं तोडताना. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेरावा झाला आणि मी परत आले, कारण रजा तेवढीच होती. परत आल्यावर मी नमुने तपासले, नोंदी केल्या, जेवले, झोपले. मैत्रिणी म्हणायच्या, रडून घे. मी प्रयत्न केला, जमलं नाही. माझ्या आत काहीच हलत नव्हतं आणि त्याचंही मला काही वाटत नव्हतं.

महिनाभरानं आमची लहान कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. मेसेज आला की आता तुम्ही मोठ्या परिवारात आला आहात. परिवार मोठा झाला तसे आमचे हाल सुरू झाले. आपापसातला स्वस्त दर गेला. मोठ्या कंपनीचा टॉवर हायवेला होताच, म्हणून गावातला बंद केला. आता डोंगरामुळे घरात रेंज नाही. ती फक्त शेताच्या टोकाला, विहिरीजवळ मिळायची. नाशिकचं ते भांडायचं ऑफिसही बंद झालं. त्याजागी काचेचं शोरूम आलं आणि तिथं टोकन घेऊन बसावं लागे, असं आई म्हणाली. कस्टमर केअरला लावलं की एक दाबा, दोन दाबा, आणि शेवटी कुणीच नाही. माझा बॅलन्सही आपोआप कमी व्हायचा. कशाचे पैसे जातात, हे सांगायला माणूस भेटत नव्हता.

आणि घराकडून फोन यायचे थांबले. दादा तर बोलेनाच. रविवारी आई विहिरीवर यायची तेव्हा पाच मिनिटं बोलणं व्हायचं. दादा कुठंय विचारलं की "हाय इकडंच" म्हणायची. काका, मामेबहिणी, सगळे गप्प. बाकीच्या दिवशी दुपारी आईचा एक मिस्ड कॉल तेवढा असायचा. लॅबमध्ये फोन चालत नाही. तो बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, हे आईला माहीत होतं. शिफ्ट सुटली की मी उलट फोन लावायचे आणि "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकून ठेवून द्यायचे. अण्णांबरोबर घरही गेलं असावं, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर त्याचं दुःखही नीटसं होत नव्हतं.

वर्षश्राद्धाला गेले. दादा स्टेशनवर आला नाही, मी एसटीनं गेले. दसरा जवळ आला होता. ओसरीवर झेंडूचा ढीग, आई हार ओवत बसलेली. ओवता ओवता ती काहीतरी गुणगुणत होती. मी चहाचा कप हातात घेऊन तशीच थांबले. ते तेलुगू गाणं होतं. हैदराबादेत गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, प्रत्येक ऑटोत वाजणारं, नाचायचं गाणं. शब्द आई भलतेच म्हणत होती, पण चाल अगदी बरोबर.

"आई, हे कुठं ऐकलंस?"

"कुठं म्हंजे? तुझ्याच फोनात हाय की."

दादा दारातच उभा होता. इतक्या महिन्यांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. "बाप जाऊन दोन महिनं नव्हतं झालं. घरात दिवाळीला तळण नाय केलं आम्ही. आन् तुला फोन लावला की ढोल वाजत्यात. काकानं ऐकलं, समद्या भावकीनं ऐकलं. मला म्हनले, पाठवा अजून पोरींना लांब. काय सांगायचं मी?"

मला काही कळेना. माझा फोन तर साधा ट्रिंग ट्रिंग वाजायचा. मी दादाचा फोन मागितला आणि आम्ही तिघं विहिरीवर गेलो. त्याच्या फोनवरून माझा नंबर लावला. हातात माझा फोन नेहमीसारखा वाजत होता आणि कानाला लावलेल्या दादाच्या फोनात ते गाणं, ढोल, पिपाण्या, बायकांचं ओरडणं. कॉलर ट्यून म्हणतात ती हीच. फोन लावणाऱ्यालाच ऐकू येते, ज्याचा फोन आहे त्याला नाही. हैदराबादेत अशी गाणी ज्याच्या त्याच्या फोनात, म्हणून तिथं कुणाला ते वेगळं वाटलं नव्हतं. बॅलन्स कुठं जात होता तेही तेव्हाच कळलं.

"मी नाही लावलं हे, दादा. कंपनीनं लावलं."

"तुला न विचारता?"

"गावातला टॉवर काय विचारून काढला?"

दादानं टॉवरच्या रिकाम्या लोखंडी सांगाड्याकडे पाहिलं. वायरी काढून नेलेल्या, सांगाडा तसाच उभा. मग त्यानं माझ्या हातून आपला फोन घेतला, खिशात टाकला आणि म्हणाला, "जेवली का?" आमच्याकडे माफी मागायची झाली की असंच विचारतात. त्याच संध्याकाळी तो स्वतः काकांच्या ओट्यावर जाऊन सगळं सांगून आला. मला हायसं वाटायला हवं होतं. थोडंसं वाटलंही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बसून मी एक दाबा, दोन दाबा करत होते. गाणं काढायचं होतं. आई शेजारी येऊन बसली.

"काढू नको," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"दुपारचा तुझा फोन त्या कपाटात असतो. तू उचलत नाय, म्हणून तर मी तवाच लावते. एक कडवं पुरतं वाजतं. पैसं बी नाय लागत." ती पदराला चिकटलेली पाकळी काढत होती. "हितं समदं गप झालंय. अण्णा व्हते तर दिवसभर वरडायचे. वाटतं, माझी पोरगी हाय तिथं तरी कायतरी वाजतंय."

अण्णा गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले ते तिथं. आईनं माझ्या हातातला फोन काढून आपल्या मांडीवर ठेवला.

आई होती तोवर ते गाणं मी काढलं नाही. दर महिन्याला पैसे कापले जायचे. कंपनी आणखी एकदा विकली गेली, रंग बदलला, दर बदलले, पण गाणं बदलू दिलं नाही. भावकीनं काय म्हणायचं ते म्हटलं असेल. तुम्ही जे मागं राहिलात ते विचारता, आता तुझं घर कुठलं? मी नाशिक सांगते आणि हैदराबादच्या पत्त्यावर राहते. पण घर म्हटल्यावर मला आठवते ती दुपार. हातात ग्लोव्हज, समोर काचेच्या नळ्या, आणि बाहेर लॉकरमध्ये फोन वाजत असेल, हे मला माहीत असायचं. तेव्हा मला कुणी पाच मिनिटांची सुट्टी दिली असती, तरी मी तो उचलायला गेले नसते.