समुद्रावर कुणाला विचारायचं?

“मुंबई, मुंबई, डावं इंजिन बंद, खाली यायची परवानगी द्या,” वैशाली तिसऱ्यांदा म्हणाली आणि खडूच्या रेघेवरून चालतच राहिली. या खेळात मुंबईचा कंट्रोलर मी होतो आणि मुद्दामच उत्तर देत नव्हतो. समोरून त्याच रेघेवरून तिचे वडील तानाजीराव येत होते. थांबायचं नाही, विमान थांबत नसतं, असं मी त्यांना बजावलं होतं. दोघांची टक्कर झाली.

ही जागा म्हणजे सातपूरला माझ्या मेव्हण्याची वर्कशॉप शेड. सुट्टीचा दिवस होता. मी जन्मभर एअर ट्रॅफिक कंट्रोलर, त्यातली बरीच वर्षं अरबी समुद्रावरची विमानं सांभाळली. रिटायर होऊन नाशिकला आलो. मखमलाबादच्या मळ्यातली फुलं तानाजीराव आमच्याकडे रोज टाकायचे. त्यांची मुलगी ट्रेनी को-पायलट झाली, आणि सिम्युलेटर चेकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटमधल्या परीक्षेत, नापास झाली. दुसरा चेक चार दिवसांवर होता. तोही गेला की नोकरी गेली.

अडचण अशी. भर समुद्रावर रडार पोचत नाही. विमान कुठे आहे ते पायलट सांगेल तेवढंच आम्हाला कळतं, तेही खरखरत्या रेडिओवर. एकाच वाटेवर हजार-हजार फुटांवर खाली-वर विमानं असतात. इंजिन गेलं की उंची टिकत नाही, खाली यावंच लागतं, आणि खाली कुणीतरी असतं. परवानगी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर आधी वळायचं, वाटेपासून पंधरा मैल बाजूला जायचं आणि मग खाली यायचं. बाहेरचे दिवे लावायचे, आसपासच्या विमानांना सांगत राहायचं. याला कॉन्टिन्जन्सी प्रोसीजर म्हणतात. वैशालीला ती तोंडपाठ होती.

“मग वळत का नाहीस?” मी विचारलं.

“काका, तुम्ही हो म्हणालाच नाहीत.”

पहिल्या चेकलाही ती अशीच उत्तराची वाट बघत बसली होती. मला राग आला, पण तो काढायचा कुणावर? परवानगीशिवाय जरा हललेल्या पायलटांना मी आयुष्यभर झापत आलो होतो. तिच्या इन्स्ट्रक्टरांनीही तेच केलं असणार.

तानाजीराव कपाळ चोळत होते. “आगं, हायवेला टेंपो बंद पडला तर मी आधी कडंला घेतो. मागून ट्रक येतो, त्याला काय म्हाईत हाय? फोनबिन मंग.”

“बाबा, विमानाचे कायदे वेगळे असतात.”

“इथे वेगळे नाहीत,” मी म्हणालो.

पुढच्या दोन फेऱ्यांतही तेच झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रत्येक वेळी ती माझ्या तोंडाकडे बघते आहे. मी चपला घातल्या. कंट्रोलर चहाला चालला, असं सांगितलं आणि खरंच बाहेर पडलो.

अर्ध्या तासाने परत आलो आणि दारातच थांबलो. मी आलोय हे न बघता तिने दोनदा मुंबईला हाक मारली. उत्तर नाही. मग ती उजवीकडे वळली आणि वडिलांना मोठ्याने सांगत राहिली, मी इतकी बाजूला आलेय, आता खाली येतेय. तानाजीराव रेघेवरून सरळ निघून गेले. त्यानंतर आम्ही तीन दिवस तेवढंच केलं. तिच्या आवाजातलं विचारणं गेलं आणि सांगणं आलं.

चेकच्या दुपारी तिचा फोन आला. कंट्रोलर बनलेल्या परीक्षकांनी तिच्या हाकेला ओ दिली नाही, आणि ती वळल्यावर रेडिओवर एकदम कडाडले, म्हणे वळायची परवानगी कुणी दिली?

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, सर, वळून झालंय. आता खाली येतेय.”

पास झाली होती. तानाजीराव शेजारीच उभे होते, त्यांच्या हातात रिसीव्हर दिला आणि आत जाऊन डोळे पुसले.

इतकी वर्षं मला वाटत होतं, समुद्रावरची विमानं माझ्या परवानगीने उडतात. ती पायलटांच्या अकलेवर उडत होती. मी बहुतेक वेळा नुसता हो म्हणत होतो.