भासऱ्यांनी केलेली माझी तारीफ

ही वही कधी कुणाच्या हाती लागलीच, तर आधीच माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलं नाही. चौथी झाली आणि लगेच लग्न लागलं. तरी लिहिते, कारण चारचौघांत बोलायची मला अजून लाज वाटते. कागदापुढे तेवढी वाटत नाही.

आमचं गाव मूल नावाच्या गावापलीकडे. गावालगत धानाची गिरणी होती आणि लग्नानंतर तीन वर्षांनी मी तिथं कामाला लागले. टाक्यात भिजलेलं धान टोपल्यात भरायचं, डोक्यावर घ्यायचं आणि पाच पायऱ्या चढून वाळवायच्या ओट्यावर पसरायचं. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. एका सकाळी पायरीवर कोंडा पडला होता आणि कोंड्याखाली पाणी. भरलं टोपलं डोक्यावर घेऊन मी पायरीवर धपकन बसले. सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. मग उठायला गेले तर उठताच येईना.

महिनाभरानं चालायला लागले, पण वाकणं गेलं ते गेलंच. आणि आमच्या धानाच्या मुलखात बाईचं अर्धं आयुष्य वाकूनच जातं. रोवणी वाकून, कापणी वाकून, चूल वाकून. गिरणीच्या मालकानं पंधरा दिवसांची मजुरी दिली आणि माझ्या जागी दुसरी बाई घेतली.

माझी मोठी जाऊ एक दिवस बाजारातून आली ती टोपली ठेवायच्या आधीच बोलायला लागली.

"आयकलं काव? बल्लारपूरच्या खाणीत एकाचं बोट तुटलं, तं त्याले सरकारी कायद्यानं पैसे भेटले. बोटाचे! तुही तं अक्खी कंबर गेली."

"पन मले कोन देईन बाई?"

"मागशीन तं देतीन. न मागता मले तुहा भासरा एक लुगडं देत नाई, तं सरकार काय देईन?"

माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ आणि या जावेचे घरधनी, तेव्हा ओसरीवरच बसले होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

चांद्याला, म्हणजे जिल्ह्याच्या गावी, जाऊन अर्ज करायचा, तर खर्च होता. माझे घरधनी त्या दिवसांत बैलबंडी घेऊन आलापल्लीच्या जंगलात सागाची लाकडं ओढायला असत. त्यांचे पैसे होळीला येत, आणि येईपर्यंत अर्धे संपलेले असत. जावेनं लुगड्याच्या घडीतून स्वतःचे पैसे काढले. कोंबड्या आणि मोहफुलं विकून चार वर्षांत जमवलेले चाळीस रुपये. त्यातून तिला स्वतःची गाय घ्यायची होती. भासऱ्यांना या पैशांचा पत्ता नव्हता. त्यांना वाटलं, भावानं जंगलातून पाठवले. मी घेताना रडले, तर ती म्हणाली, "रडू नोको. परत नाई केले तं तुले दोहून काढीन."

हे हसण्यावारी होतं, पण मला तेव्हापासून झोप नीट लागेना. दावा बुडाला तर माझी कंबर आणि तिची गाय, दोन्ही जाणार होत्या.

सोबत कोण, तर भासरेच. घरात तेच एक कचेरीची पायरी चढलेले. आता आमच्यात सून भासऱ्यांशी बोलत नाही. त्यांच्यापुढे तोंड उघडं ठेवत नाही, त्यांच्या बरोबरीनं बसत नाही. सहा वर्षांत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. छोट्या आगगाडीत ते एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, डोईवरचा पदर हनुवटीपर्यंत. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते खिडकीला सांगत.

"चांद्याच्या ठेसनावर नळ हाये. कोनाले पानी प्याचं असन तं पिऊन घ्यावं."

मग मी पाणी पीत असे. समोर बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "हा बुवा कोनाशी बोलून राह्यला व?" मला इतकं हसू आलं की कमरेत कळ निघाली.

अर्जनवीसानं अर्ज लिहिला. पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे तपासणीचं बोलावणं आलं. तिथं सगळा घोटाळा झाला. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतं बाई?" मी पदराआड गप्प. भासरे खोलीत उभे असताना मी कमरेचं काय सांगणार? मग भासरेच बोलले. आयुष्यभर त्यांनी गावातल्या सोयरिकी जमवलेल्या. परक्या माणसानं घरच्या बाईविषयी विचारलं की त्यांच्या तोंडून आपोआप एकच गोष्ट निघे.

"आमची सून लय कामाची साहेब. कोंबडा बोंबलाच्या आधी उठते. दोन गुंड पानी भरून डोक्यावर आनते. कवा तोंडातून हूं नाई का चूं नाई."

"वाकता येतं का?"

"येतं ना! काऊन नाई येनार? आमच्या घरी काई कमी नाई साहेब."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर भासरे खूश होते. झाडाला म्हणाले, "काम फत्ते झालं."

तीन आठवड्यांनी कागद आला. शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवला. अर्जदार बाई सर्व काम करते, दोष दिसत नाही, हरकत असल्यास भरपाईचा निकाल देणाऱ्या साहेबांपुढे हजर व्हावं. जाऊ चुलीपुढून उठली ती थेट ओसरीवर.

"तुमी का तिची सोयरीक जमवाले गेलते का?"

"मंग घरची सून लुळी हाये म्हनून सांगू का परक्यापुढं?"

"तेच तं सांगाले गेलते ना जी! दोन गुंड पानी कोन आनते? मी आनतो! तिचं बी आनतो अन् तुमच्या आंघोयीचं बी आनतो!"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाहिलं, भासरे ओसरीवर बसून जावेला विहिरीवरून येताना बघत होते. एक खेप झाली, दुसरी झाली. चौथ्या खेपेला उठून आत गेले.

भरपाई गिरणीला द्यावी लागणार होती, म्हणून गिरणीचा मुनीम आम्हाला वाटेत मागे टाकून साहेबांपुढे आधीच येऊन बसला होता. "साहेब, बाई ठेसनापासून पायी आली, मी डोळ्यानं पाह्यलं," तो म्हणाला. साहेबांनी भासऱ्यांकडे पाहून विचारलं, "तुम्ही यांचे कोण? मागे तुम्हीच सांगितलं ना, सगळं काम करते म्हणून?"

भासऱ्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "साहेब," ते म्हणाले, "मी भायेर जातो. मी इथी असलो तं सून बोलनार नाई. अन् ते बोलल्याबिगर तुमाले खरं कयनार नाई." आणि खरंच ते व्हरांड्यात गेले, पाठ फिरवून उभे राहिले.

आता खोलीत साहेब, कारकून आणि मुनीम. साहेबांनी खुर्ची दाखवली. मी बसले नाही, कारण बसले असते तर उठायला कुणाचा तरी हात लागला असता. तेच आधी सांगितलं. मग मी म्हणाले, "पानी मी नाई आनत साहेब. माही जाऊ आनते. चालतो मी, चालाले येते. पन खाली पडलेलं उचलता नाई येत. यंदा रोवन्यात साऱ्या बाया धानाच्या बांधीत चिखलात उतरल्या अन् मी कडेच्या धुऱ्यावर बसून होती. घरी माहं लेकरू रडलं तं खाटेवर कोनी आनून देते तवा घेतो." एकदा सुरू झाले ती थांबेना. पायरीवरचा कोंडा सांगितला, कोंड्याखालचं पाणी सांगितलं, सोबतच्या बाया हसल्या तेही सांगितलं.

"मग तुमच्या भासऱ्यांनी उलटं का सांगितलं?"

"त्याईनं तारीफ केली साहेब. त्याईले मालूमच नवतं. त्याईले पानी भरलेलं दिसते, भरनारी नाई दिसत."

व्हरांड्यातून आवाज आला, "खरं हाये साहेब!"

साहेब हसले. कारकूनही हसला. मुनीम तेवढा छताकडे बघत राहिला. साहेबांनी पुन्हा तपासणी लिहून दिली. या वेळी नर्सबाई होत्या आणि जाऊ सोबत होती. उताणं झोपवून डॉक्टरांनी माझा पाय वर उचलला, तशी मी अशी ओरडले की बाहेरचे लोक दारात जमले. जाऊ म्हणाली, "आता लिवा, डाक्टर."

निकाल लागायला पुढचा उन्हाळा उजाडला. माझी कमाईची ताकद चौथ्या हिश्श्यानं गेली, तिची भरपाई गिरणीनं द्यावी, असं कागदात होतं. पैसे घ्यायला गेलो तेव्हाही भासरे खिडकीशीच बोलले, पण या वेळी म्हणाले, "कोनाच्या कमरेखाली गोधडी पायजे असन, तं माह्या पिशवीत हाये." मी गोधडी घेतली.

घरी आल्यावर भासरे बैल सोडायला गेले, तेवढ्यात मी जावेला माजघरात बोलावलं. तिच्या पदरात आधी दहा-दहाच्या तीन नोटा ठेवल्या, मग पाचाच्या दोन. तिनं बोटाला थुंकी लावून एकेक मोजली.

"झाले का बाई पुरे?"

"चाळीसच्या चाळीस," ती म्हणाली आणि पदराला गाठ मारली. "फिटलं व माय."