धाकट्या जावेचा अर्धा तास

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटायचा. तिच्या रंगाचा नाही, दागिन्यांचाही नाही. तिला रोज सकाळी अर्धा तास दार लावून आत राहायला मिळायचं, त्याचा. एकत्र घरात नांदलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

लकडगंजात आमची लाकडाची वखार होती आणि वखारीच्या मागेच घर. सासूसासरे, आम्ही दोघी सुना, आमचे नवरे आणि दोघींची पोरं. मी थोरली, चौथीपर्यंत शिकलेली. धाकटी मॅट्रिक. सत्तर साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट असेल. पाण्याने भरलेला पितळी गुंड उचलताना धाकटीची कंबर धरली ती सुटेचना. आमचे घरचे डॉक्टर रस्त्यापलीकडेच बसत. काहीही दुखो, इंजेक्शन आणि बाटलीतलं लाल औषध देणारा माणूस. त्यांनी इंजेक्शनं दिली, शेक सांगितला आणि हिला उठू देऊ नका म्हणाले. धाकटी खाटेवर पडली आणि तिच्या वाटचं पाणी, धुणं, पोळ्या सगळं माझ्याकडे आलं.

त्याच सुमारास मोठ्या दवाखान्यात दर रविवारी डॉक्टर लोकांचा वर्ग सुरू झाला. कंबर, गुडघे, खांदे यांची दुखणी व्यायामाने कशी आटोक्यात आणायची हे तिथे एक बाई शिकवायची. पेशंटला जे सांगाल ते आधी स्वतः करून दाखवा, असा तिचा नियम होता म्हणे. आमच्या डॉक्टरांचं पोट चांगलंच सुटलेलं. ते वर्गाला जायला लागले आणि आपल्या दवाखान्यात सतरंजी टाकून पेशंटसमोर आडवे व्हायला लागले. वखारीतला हमाल पाठ दाखवायला गेला होता, तो तसाच परत आला.

"डाक्टरले काहीतरी झालं बाई," तो सांगत होता, "खाली पडून पाय हालवून राहिला. मले म्हणते, तूबी पड. म्या म्हटलं, सुई देता का जाऊ?"

एका संध्याकाळी डॉक्टर आमच्या घरी आले आणि सासूबाईंना म्हणाले, "काकू, हिला खाटेवरून उठवा. पडून राहून कंबर आणखी आखडते. मीच चुकीचं सांगितलं होतं."

मी चुलीपाशी होते. इतका आनंद झाला की तव्यावरची पोळी करपली. पण डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. धाकटीने रोज सकाळी व्यायाम करायचा. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, कंबर उचलायची, एकेक पाय वर न्यायचा.

"पाय वर?" सासूबाई म्हणाल्या. "बाहेर सासरा बसला आहे, अन् सून घरात पाय वर करीन?"

"मग दार लावून करू द्या. पण अर्धा तास तिला कोणी हाक मारायची नाही. हे सावकाश करायचं असतं. धडपडून मधेच उठली तर कंबर पुन्हा धरेल."

माझ्या दिराला लहानपणी याच डॉक्टरांनी टायफॉइडमधून वाचवलं होतं. त्यामुळे त्यांचा शब्द सासूबाई खाली पडू देत नसत. दुसऱ्या दिवसापासून धाकटी दिराचा पायजमा लुगड्याच्या आत चढवून खोलीत जायची आणि आतून कडी लावायची.

वेळही कोणती? पोरांच्या शाळेची, पुरुषांच्या डब्यांची. तिचं पोरगं दारावर थापा मारायला लागलं की सासूबाई त्याला उचलून माझ्याकडे आणायच्या. "तुही माय कसरत करून राहिली. मोठ्या आईजवळ बस." मोठी आई म्हणजे मी. एक हात कणकेत, कडेवर तिचं पोर, आणि बंद दाराआडून तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. ती आत झोपा काढत असती तर मी सासूबाईंना सांगितलं असतं. पण फटीतून पाहिलं तर व्यायामच करत होती, डॉक्टरांनी दाखवला तसा.

तिची कंबर सुधारली. गुडघे वाकवून गुंड उचलायला शिकली. चेहऱ्यावर तेज आलं. आता हे थेर बंद होणार म्हणून मी वाट पाहत होते. सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलंही.

"बंद?" डॉक्टर म्हणाले. "काकू, हे जन्मभर करायचं असतं."

जन्मभर! वर तिला आपल्या मोटारीतून त्या वर्गात घेऊन गेले, इतर डॉक्टरांना दाखवायला. परत आली ती हसतच. "बाई, एवढे मोठाले डाक्टर, सगळे चटईवर. एकाले तर उठताच येईना, दोघांनी धरून उचलला!" मलाही हसू आलं. मग त्याचाच राग आला.

हिवाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. अंबाडा घालता येईना, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. दुखत भयंकर होतं, पण मी मनातून खूश होते. आता मलाही व्यायाम मिळेल, माझंही दार लागेल. सासूबाईंना बरोबर घेऊनच दवाखान्यात गेले, म्हणजे हुकूम त्यांच्या कानांनी ऐकतील.

डॉक्टरांनी माझा हात उचलून, फिरवून पाहिला. मग उठून भिंतीपाशी गेले. भिंतीवर बोटं टेकवली आणि मुंगी चढते तशी हळूहळू वर चढवत नेली. "असं करायचं. दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा."

"झोपून काही कराचं नाही?" मी विचारलं.

"नाही."

"दार लावून?"

"त्याची काय गरज? भाजी शिजताना स्वयंपाकघरातही होईल."

सासूबाईंना ही विद्या फार आवडली. घरी येताना रस्त्यातच म्हणाल्या, "पाह्य वं, चांगला डाक्टर आहे. कामाचा खोळंबा नाही." मग मी चुलीपाशी उभी राहून भिंतीवर बोटं चढवायची. चुना नखांत भरायचा. खांदा सुटत गेला, डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. मला मात्र त्यांच्या वर्गाचा आणि त्या शिकवणाऱ्या बाईचा संताप यायचा.

एके दिवशी धाकटी खोलीच्या उंबऱ्यात थांबली. "बाई, तुमीबी या ना आत. मले एकटीले कंटाळा येते."

कंटाळा येते म्हणे. मी हात पुसले आणि आत गेले. तिने कडी लावली. तिच्या चटईशेजारी मी आडवी झाले. फरशी गार होती. बाहेरचे आवाज दुसऱ्याच्या घरातून यावेत तसे येत होते. मी डोळे मिटले, तोच बाहेरून सासूबाईंची हाक आली.

"मोठे! अवं मोठे, माहा चष्मा कुठे ठेवला वं?"

"बोलू नका," धाकटी कुजबुजली. "त्यायले वाटन तुमी संडासात गेल्या."

मी तशीच पडून राहिले. हाक पुन्हा आली, या वेळी दारापाशी. हाक मारू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं ते धाकटीसाठी. माझ्यासाठी कोणी काही बजावलं नव्हतं. मी उठले, पदर सारखा केला आणि बाहेर आले. चष्मा सासूबाईंच्या हातातच होता. मी तो त्यांच्या डोळ्यांवर चढवला. मागे धाकटीने पुन्हा कडी लावून घेतली.