गुन्हा नसलेला फरारी

नोकरीत खून, दरोडे, घरफोड्या भरपूर पाहिल्या. आता त्यांतल्या कित्येकांचे तपशील माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. रत्नागिरीतले एक प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते, आणि त्या प्रकरणात गुन्हाच नव्हता. नावे सांगत नाही, कारण ती माणसे आजही त्याच भागात नांदत आहेत.

ऐंशीचे दशक संपत आले होते. मी रत्नागिरीला उपनिरीक्षक होतो. थंडीचे दिवस होते, आंब्याला मोहोर धरला होता. सकाळची हजेरी झाली होती आणि ठाणे अंमलदार स्टेशन डायरी पुढे ओढून बसला होता. तेवढ्यात एक बाई आत आल्या. चिपळूणला शिक्षिका होत्या, माहेर आमच्या हद्दीतल्या एका आतल्या गावात.

"माझ्या भावाला शोधून द्या, साहेब."

"कधीपासून बेपत्ता आहे?" अंमलदाराने विचारले.

"दहा-बारा वर्षं झाली असतील."

अंमलदाराने पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी बाईंना माझ्या टेबलासमोर बसवले. त्या रडल्या नाहीत. वर्गात धडा समजावून सांगावा तसे त्यांनी सगळे सांगितले.

तीन भावंडे. या थोरल्या, मधला भाऊ, आणि धाकटी बहीण. धाकटी अठरा-एकोणीस वर्षांची, डी.एड. करत होती. तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. मुंबईच्या इस्पितळात औषधांनी रोग तात्पुरता आटोक्यात आला होता, पण तो उलटण्याची भीती होती. डॉक्टरांचे म्हणणे असे, की तो उलटण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी हाडातला मगज, म्हणजे जिथे रक्त तयार होते तो भाग, तिला द्यायला हवा. हा उपचार तेव्हा आपल्याकडे नवा होता. मगज कोणाचाही चालत नाही, तो जुळावा लागतो, आणि जुळण्याची आशा सख्ख्या भावंडांतच जास्त. आजच्यासारखी अनोळखी दात्यांची नोंदणी तेव्हा आपल्याकडे नव्हती.

"माझं रक्त तपासलं. नाही जुळलं," बाई म्हणाल्या. "आईचंही नाही. वडील आता नाहीत. तो एकच उरला."

"तो घरातून का गेला?"

"बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं. यानं त्याच्या डोक्यात काठी घातली आणि त्याच संध्याकाळी निघून गेला. चुलतभाऊ इस्पितळात होता, मग बरा होऊन घरी आला. काकांनी तक्रारही केली नाही. आम्हाला वाटलं, राग गेला की येईल परत. आलाच नाही."

हरवलेल्या इसमाची नोंद घेतली. बाईंनी एक फोटो दिला. शाळेच्या गणवेशातला, मिसरूडही न फुटलेला मुलगा. त्याचा उपयोग शून्य. म्हणून मी विचारले, "त्याला आवड कशाची होती?"

त्या पहिल्यांदाच हसल्या. "मृदंगाची. शिमग्यात गावात नमनाचे खेळ होतात, त्यात वाजवायचा. डावखुरा होता, त्यामुळं मृदंग उलटा धरायचा. सगळे हसायचे त्याला."

माझा अनुभव असा, की लपलेला माणूस नाव बदलतो, मिशा ठेवतो, नाहीतर काढतो, बोलण्याची ढबही बदलतो. हाताला लागलेली गोडी मात्र त्याला सोडवत नाही. मी जिल्ह्यातल्या ठाण्यांना बिनतारी संदेश पाठवला आणि आमच्या खबऱ्यांनाही सांगून ठेवले : डावखुरा मृदंगवाला, वय तिशीच्या आसपास, मूळचा आतल्या गावचा.

खबर आली ती एका एस.टी. ड्रायव्हरकडून. नमनाचा शौकीन माणूस, राजापूर भागातल्या गाड्यांवर असायचा. तो स्वतः ठाण्यात आला. "साहेब, गेल्या शिमग्यात नाटे बंदरात एका खलाशाला नमनात वाजवताना बघितलं. उलटा मृदंग. आणि वाजवायची ढब किनाऱ्यावरची नव्हे, आपल्या आतल्या गावांची."

दुसऱ्याच दिवशी मी हवालदाराला घेऊन जीपने नाट्याला गेलो. गणवेशातच गेलो. जीप धक्क्यावर थांबली आणि जाळी विणणारी माणसे एकेक करून उठली. थोड्या वेळाने तिथे वाळत घातलेली मासळी, कावळे आणि आम्ही दोघे एवढेच उरलो.

एका नाखव्याच्या होडीवर तो खलाशी आहे, इतके धक्क्याजवळच्या एका दुकानदाराकडून कळले. नाखवा म्हणजे होडीचा मालक. साठीचा, भारदस्त माणूस होता.

"असा कोणी माझ्याकडं नाही," तो म्हणाला.

"डावखुरा आहे. मृदंग वाजवतो."

"नाही म्हटलं ना, साहेब."

हवालदाराला ते खरे वाटले. मला वाटले नाही. पोलीस कुणाची चौकशी करायला आले, की साधा माणूस पहिल्यांदा विचारतो, त्याने केले काय? नाखव्याने ते विचारलेच नाही. म्हणजे उत्तर त्याच्यापाशी आधीपासून होते.

मी त्याला तिथल्या पोलीस चौकीत नेले, समोर बसवले आणि चहा मागवला. आवाज चढवला नाही. धाकट्या बहिणीचा आजार, थोरलीची धडपड, सगळे सांगितले. तो खाली बघून ऐकत होता. मग मान वर करून तो म्हणाला, "बहिणीचं सांगून माणूस बिळातून बाहेर काढायचा, ही तुमची रीत मला ठाऊक आहे."

"बाहेर काढून मी त्याचं करणार काय?"

"काय करणार? फासावर द्याल."

"फासावर? कशासाठी?"

नाखवा चिडला. "मला खुळा समजता का? खुनाला दुसरं काय असतं?"

हवालदार माझ्याकडे बघत राहिला. सगळा उलगडा त्या एका वाक्यात झाला होता. काठी बसली, चुलतभाऊ रक्ताच्या थारोळ्यात पडला, आणि हा तिथूनच पळाला. मागे वळून पाहिलेच नाही. तो मेला असे धरून चालला आणि इतकी वर्षे न झालेल्या खुनाचा फरारी म्हणून जगला.

"नाखवा, तो माणूस जिवंत आहे. बायको-मुलांत आहे, शेती करतो," मी म्हणालो. "याच्यावर कसलाही गुन्हा नाही. तक्रारसुद्धा नाही."

नाखव्याने हातातला कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी मानलं, साहेब. पण तो नाही मानायचा. खूप चांगलं पोर आहे, माझ्या घरचंच झालं आहे. उद्या दुपारी होडी येईल. धक्क्यावर वर्दी दिसली, तर पाण्यात उडी टाकेल आणि पलीकडं निघून जाईल. मग मलासुद्धा नाही सापडायचा."

त्याचे म्हणणे खरे होते. मी कितीही शपथा घेतल्या असत्या, तरी माझ्या शब्दावर तो धक्क्यावर उतरला नसता. त्याची खात्री पटवू शकेल असा माणूस जगात एकच होता. मी तिथून थेट त्या चुलतभावाच्या गावी गेलो.

तो अंगणात गवताच्या पेंढ्या रचत होता. डोक्याला टोपी होती. मी काय झाले ते सांगितले तेव्हा तो पेंढ्यांवरच बसला. मार खाल्लेला माणूस होता तो, नाही म्हणाला असता तर मी त्याला काय म्हणणार होतो?

"मी मेलो असं वाटतंय त्याला?" त्याने दोनदा विचारले. "साहेब, मला वाटायचं माझं तोंड बघायला नको म्हणून तो येत नाही. बांध तर आम्ही पुढच्याच वर्षी समजुतीनं घालून घेतला." मग घरात हाक मारली, "अगो, धुतलेला सदरा काढ. नाट्याला जायचंय."

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत होतो. जीप लांब नारळीच्या आड उभी केली होती. धक्क्याच्या टोकाला नाखवा आणि चुलतभाऊ उभे होते, मी थोडा मागे. होडी खाडीत शिरली, जवळ आली. पुढे दोर घेऊन उभा असलेला काळासावळा, दाढीवाला माणूस दोर फेकणार, तोच थांबला. त्याची नजर धक्क्यावरच्या माणसावर खिळली होती. चेहरा पांढरा पडत गेला.

चुलतभावाने टोपी काढली. कपाळाच्या वर जखमेचा जुना वण होता, तिथे केस आलेच नव्हते. त्या वणावर बोट ठेवून तो ओरडला, "बघ, एवढंच झालं होतं! मेल्या, कुठं होतास इतकी वर्षं?"

मेलेला माणूस जिवंत माणसाला मेल्या म्हणत होता. नाखवा खो खो हसायला लागला आणि हसता हसताच उपरण्याने डोळे पुसायला लागला. होडीतल्या माणसाच्या हातून दोर पाण्यात पडला. होडी नीट लागण्याआधीच त्याने धक्क्यावर उडी मारली, चुलतभावाच्या डोक्याला दोन्ही हातांनी चाचपून पाहिले आणि त्याच्या पायांशी बसून हमसून हमसून रडला. चुलतभाऊ त्याच्या पाठीवर थापट्या मारत राहिला. "पुरे आता. धाकटीला बरं नाही. तिला तू हवायस."

मी पुढे होऊन मी कोण ते सांगितले. तो दचकला, पण पळाला नाही. हाडातला मगज काढतात म्हणजे काय, ते मला थोरल्या बहिणीकडून कळले होते तेवढे समजावले. हाड कापत नाहीत, भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने काढतात, आणि काही दिवसांत तो पुन्हा भरून येतो.

"कापायचं असलं तरी कापू दे," तो म्हणाला. "मी निघालो तेव्हा ती माझ्या खांद्यावर बसून फिरायची, साहेब. ओळखेल का मला?"

त्याच संध्याकाळच्या एस.टी.ने दोघे मुंबईला गेले. चुलतभाऊ त्याला एकटा सोडायला तयार नव्हता.

पुढचे दिवस ठाण्यातले सगळेच जण फोनकडे कान लावून होते. माणूस सापडला, पण मगज जुळायला हवा होता, आणि ते कोणत्याही पोलिसाच्या हातात नव्हते. शेवटी ट्रंककॉल आला. थोरल्या बाईंचा आवाज इतका मोठा होता, की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "जुळलं, साहेब! पूर्ण जुळलं!" अंमलदाराने टेबलावर हात आपटला, लॉकअपमधल्या आरोपीनेसुद्धा काय झाले म्हणून विचारले. हवालदाराने सर्वांना चहा पाजला, त्यालाही.

धाकटीचे पुढचे महिने सोपे गेले नाहीत. तिला कित्येक आठवडे वेगळ्या खोलीत ठेवले होते, जवळ जाऊ देत नसत. भाऊ दाराच्या काचेबाहेर बसून असायचा. आई आत मुलीकडे बघायची आणि बाहेर मुलाकडे. हे सगळे मला बाईंनी नंतर सांगितले. हळूहळू नवे रक्त धरले. पुढच्या वर्षी धाकटी भावाबरोबर ठाण्यात आली तेव्हा मी तिला ओळखले नाही. केस आखूड, अंग बारीक, पण चाल अगदी तुरतुरीत. तिने डी.एड. पूर्ण केले आणि आमच्याच तालुक्यात शाळेवर लागली. भाऊ गावी शेती करतो. हंगामात नाखव्याच्या होडीवर जायचे मात्र त्याने सोडले नाही.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. जीप थांबली की लोक उठून जातात. त्यांतल्या प्रत्येकाच्या मनात काही पाप असते असे नाही. आपण कशासाठी आलो हे त्यांना कुणी सांगितलेले नसते, आणि मग भीती स्वतःच उत्तर तयार करते. त्यानंतर कुणालाही शोधायला गेलो, की मी गावात शिरताच आधी कारण सांगायला लागलो. बरोबरचे तरुण अधिकारी हसायचे. आधीच सांगितले तर माणूस पळून जाईल, असे त्यांचे म्हणणे. काही जण पळालेही. पण आपण होऊन चौकीत येऊन बसणारेच जास्त निघाले.