बापटच्या ग्लायडरचं नाक

आखातातल्या अजमानच्या बोटयार्डातले आम्ही जुने कोणी दोघं भेटलो, की घरचे लोक आधीच चहाचं आधण चढवतात. किस्से म्हणजे फायबरग्लासची धूळ हो, एकदा कॉलरमधून आत गेली की खाजवल्याशिवाय चैन पडत नाही. लोक हसतात ऐकताना. मी मात्र तेव्हा चार महिने नीट झोपलो नव्हतो.

बापट आमचा डिझायनर. पुण्याचा, तिथे तरुणपणी ग्लायडर उडवलेले. दिवसभर मच्छीमारांच्या बोटींची ड्रॉइंग काढायचा आणि घरी, अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलवर ग्लायडर. एका सीटचा, इंजिन नाही, सगळा फायबरग्लासचा. अरबाबने, म्हणजे आमच्या मालकाने, ते कागद पाहिले आणि खूश होऊन शेडचा एक कोपरा दिला, परवानगीही काढून आणली. प्रॉडक्शन माझ्याकडे. म्हणजे तुटलं तर कोणाचं नाव, ते तेव्हाच ठरलं.

*

आमचा फोरमन युसुफभाई दापोलीचा. बोटी बांधण्यात केस पिकलेले. त्याचा एक नियम होता, बोटीची पिछाडी सगळ्यात दणकट पाहिजे, कारण इंजिन तिथे बसतं.

शेपटीचं काम चालू होतं. बापट रजेवर. युसुफभाई हातात ब्रश घेऊन माझ्याकडे आला. "साहेब, ड्रॉइंगमध्ये तीनच लेयर आहेत. पिछाडी आहे. एक जास्त मारू?"

"अरे, पण ह्याला इंजिन कुठाय?"

"इंजिन नाही, पण माणूस तर आहे ना!"

मला बापटची मुलगी आठवली. म्हटलं, मार. आणि हे बापटला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मी सांगितलंच नाही.

*

मग पंखाची टेस्ट. हवा पंखाला खालून उचलते, म्हणून पंख उलटा टांगून त्यावर वजन रचायचं. वाळू नको, ओली-सुकी असते, म्हणून तांदळाच्या गोणी आणल्या, छापील वजनाच्या. प्रत्येक गोणीला पंख कर्र करायचा आणि पोरं एकेक पाऊल मागे. अरबाबने विचारलं, "टूटेगा?"

बापट म्हणाला, "इन्शाल्ला, नहीं."

"इंजिनियर इन्शाल्ला बोलता है, तो मैं घर जाता है," असं म्हणून अरबाब खरोखर गाडीत बसून निघून गेला. पंख टिकला. गोणी सगळ्यांना एकेक वाटून टाकल्या.

*

वेगासाठी बॉडी अगदी सडपातळ ठेवली होती. बापटने माप घेतलं होतं स्वतःचंच, पण पुण्यातलं. वर काचेचं झाकण लावायला गेलो तर ते पोटावर अडकलं. युसुफभाई म्हणाला, "साहेब, झाकण नाही कापता येत. तुम्ही बघा काय ते."

बापटचा भात बंद झाला. कोकणस्थाचा भात बंद! मी जेवायला गेलो की वहिनी त्याला दोन फुलके वाढायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, जणू मीच खाल्लं सगळं. मुलगी विचारायची, "मम्मा, व्हाय कान्ट बाबा जस्ट प्ले कॅरम?" अकरा किलो उतरले. झाकण बसलं.

*

शेवटी तोल बघायचा दिवस. बापट आत बसला, पुढे-मागे वजनकाटे लावले. आकडे लिहून त्याने बेरीज पुन्हा करून पाहिली. "शेपूट जड आहे," म्हणाला. "अशानं वर गेल्यावर नाक खाली येत नाही. मग खलास."

युसुफभाईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

घरी जाऊन जेवायला बसलो. उठलो आणि तडक अल मनखूल गाठलं. दार उघडल्या-उघडल्या वहिनींसमोरच बोलून टाकलं, "बापट, शेपटीत एक लेयर जास्त आहे. मीच हो म्हटलं. घाबरलो होतो रे." बापटने स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. कमी झालेले अकरा किलो त्याचेही होते, पुढच्या बाजूचे.

वहिनींनी शांतपणे विचारलं, "आता उपाय काय, भाऊजी?"

मी म्हणालो, "नाकात वजन घालायचं. पायापुढे, सात किलो. उद्या शिसं आणतो."

"शिसं नको. टेस्टची गोणी घरात तशीच पडलीय. खातंय कोण?"

जुन्या सुती साडीची पिशवी त्यांनी स्वतः शिवली, दुहेरी टाक्यांची, चार कोपऱ्यांना चार बंद. बापटने प्रत्येक बंद ओढून पाहिला. वाण्याच्या काट्यावर सात किलो भरले.

*

शुक्रवारी सकाळी, कडक सपाट वाळूवर, जीपला दोर बांधला. बापट आत, पायापुढे तांदूळ. वहिनी आल्या होत्या, पण पाठ करून उभ्या राहिल्या. मी जीपमध्ये. दोराचा हुक युसुफभाईने लावला.

"यल्ला, चलो," बापट म्हणाला.

ग्लायडर उचलला. नाक जिथे हवं तिथे राहिलं. दोर सुटला, मोठं वळण घेतलं, आवाज नाही काही नाही. मी शेपटीकडेच बघत होतो. तीन-चार मिनिटांनी वाळूवर चाक घासलं.

"उतरले, वहिनी," युसुफभाई म्हणाला.

वहिनी तेव्हा वळल्या. चालत ग्लायडरपाशी गेल्या, झाकण उघडलं, वाकून चारही बंद सोडले आणि पिशवी खांद्यावर घेतली.

बापट आतूनच म्हणाला, "अगं, हे काय? अजून एक फ्लाइट आहे."

"आज भाताला तांदूळ लागणारेत," म्हणाल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या.