जावेच्या पुस्तकावर मी लावलेली बोली

देव आपल्याकडून हे लिहून घेतो आहे, की आपणच हौसेनं लिहून त्याच्या नावावर खपवतो आहोत, ही शंका मला कितीतरी वर्षं पोखरत होती. मी जव्हारला प्राथमिक शिक्षिका होते. येशूने सांगितलेल्या गोष्टी आपल्या डोंगरातल्या लेकरांना आपल्या वाटाव्यात, म्हणून त्या इथल्या मातीत आणून सांगायच्या, असं एक पुस्तक मी नोकरीत असतानाच लिहायला घेतलं. त्यात पेरणारा नागली पेरतो. हरवतं ते मेंढरू नव्हे, शेळी, आणि ती करवंदीच्या जाळीत अडकते. वर्गातली मुलं कान टवकारून ऐकायची. निवृत्त होईपर्यंत सगळ्या गोष्टी लिहून झाल्या, फक्त एक राहिली.

ती दोन भावांची गोष्ट. माझ्या पुस्तकात धाकटा आपला वाटा घेऊन भिवंडीला जातो, सगळं उधळतो आणि उपाशी परत येतो. बाप त्याला पोटाशी धरतो, बोकड कापतो, अंगणात तारपा वाजू लागतो. थोरला चिखलाच्या पायांनी शेतावरून येतो, वाजप ऐकतो आणि बाहेरच रुसून बसतो. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो. पुढे थोरला आत गेला की नाही, ते येशूने सांगितलेलं नाही. मला मात्र सांगायचं होतं. एकदा मी त्याला आत पाठवला, तर ते मलाच खोटं वाटलं. एकदा त्याला घर सोडून नाशिकला धाडला. एकदा तर रागाच्या भरात धाकट्यालाच ताप आणला. सगळं खोडलं. आमचे हे ओट्यावर बसल्या बसल्या विचारायचे, "काय गं, तुझा थोरला अजून बाहेरच बसलाय का? दाढी पिकली असेल त्याची." मी भाकरी आपटून थापायची.

तर मी अशी अडकलेली असताना माझ्या धाकट्या जावेनं, सलोमीनं, पुस्तक लिहून पूर्ण केलं. सलोमी अंगणवाडी सेविका. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर रोज एसटीनं जायची, आणि जाता-येता मोबाईलवर अंगठ्यानं लिहायची. पाड्यावरच्या आयांसाठी छोट्या छोट्या प्रार्थना. चूल पेटवतानाची, लेकराला ताप आला तर म्हणायची, नवरा कामाला बाहेरगावी गेला की म्हणायची. एका उन्हाळ्यात सुरू केलं, भाताची लोंबी बाहेर पडेस्तोवर छापून तयार. मी त्या वेळी साठी ओलांडलेली एक पोर होते, अक्कल यायची होती. तोंडानं म्हणाले, "प्रभूची कृपा गं." पोटात मात्र असा जाळ उठला की त्यावर हंडाभर पाणी तापलं असतं. अंगठ्यानं लिहितात का पुस्तक? मी इतकी वर्षं शाईच्या पेनानं लिहिते आहे, आणि ही बसच्या खिडकीत बसून माझ्या पुढे जाते? देवाला वशिला चालत नाही असं मी मुलांना शिकवलं होतं. त्या दिवसांत मला त्याची खात्री उरली नव्हती. तिचं पुस्तक मी मुद्दाम चाळलं नाही. चाळलं असतं आणि चांगलं निघालं असतं तर काय करायचं?

आमच्या चर्चच्या मंडळीत कापणीचा सण असतो. भात झोडून झालं की प्रत्येक घर आपल्या पिकातलं पहिलं काही तरी वेदीपुढे आणून ठेवतं. नागली, वरई, उडीद, भोपळा, कुणी कोंबडा आणतं. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. आणि आमच्याकडची एक रीत आहे, ती दुसरीकडे असेल-नसेल. ज्याची बोली शेवटची, त्यानं ती वस्तू हातात घेऊन सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि ज्या हातांनी ती पिकवली त्या हातांसाठी मोठ्यानं प्रार्थना करायची. भोपळा घेणाऱ्यानं भोपळेवालीसाठी करायची. नुसते पैसे टाकून पिशवीत घालून चालायला लागायचं नाही.

त्या वर्षी सलोमीनं भोपळ्याशेजारी आपल्या पुस्तकाची पहिली प्रत आणून ठेवली. लिलाव पुकारायला आमचे पंच उभे, आवाज असा की डेपोतली एसटीसुद्धा थांबावी. त्यांनी पुस्तक वर धरलं. "बोला! याला पंख नाहीत, अंडं देणार नाही, पण कापावंही लागणार नाही. बोला!" लोक हसले, बोली सुरू झाली. आणि मला काय झालं देव जाणे, माझा हात वर गेला. डोक्यात एकच. हे घ्यायचं, घरी न्यायचं आणि ट्रंकेच्या तळाशी, हिवाळ्याच्या गोधड्यांखाली घालायचं. कुणी वाचायला नको. माझ्यासारख्या शहाणीला हेही सुचलं नाही की बाकीचा गठ्ठा सलोमीच्या घरी पलंगाखाली सुखरूप आहे. समोरचे एक मामा हट्टाला पेटले, मी त्यांच्यावर चढले, ते माझ्यावर चढले. मागून आमचे हे माझा पदर ओढत होते. शेवटी मामा हात जोडून खाली बसले. पंच ओरडले, "कोंबड्याच्या वर गेलं! आज सगळ्यात वर हे पुस्तक!" टाळ्या झाल्या. ज्या पुस्तकाला मी गाडायला निघाले होते, त्याला मीच गावातलं सगळ्यात मोलाचं करून ठेवलं. असा दुष्टपणा करायलासुद्धा थोडी हुशारी लागते, ती माझ्याकडे नव्हती.

आणि मग ती रीत आठवली.

पुस्तक हातात घेऊन मी पुढे उभी राहिले. डोळे मिटले. प्रार्थना मला तोंडपाठ. बायकांच्या सभेत मी पाऊण तास प्रार्थना करू शकते, हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल ते घाबरूनही असतात. "हे दयाळू पित्या," म्हणाले आणि पुढचं येईना. दुसरं वाक्य शोधलं, तेही येईना. मंडळी वाट बघत होती. मी डोळे उघडले तर समोर सलोमी मान खाली घालून उभी. हात जोडलेले, उजव्या अंगठ्याला चिंधी. भात कापताना विळा लागला होता. याच अंगठ्यानं लिहिते ही, असं मनात आलं. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी जुळवलेलं नव्हतं. आजही कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की आवाज माझा होता. "प्रभू, ही माझ्या आधी पोचली. मला फार राग आला आहे. माझा राग तू बघ. पण हिचा अंगठा बरा कर. हिला अजून लिहायचं आहे."

मग पंचांनी छपराला हादरा बसेल असं "आमेन" म्हटलं आणि सगळ्यांनी त्यांच्यामागून म्हटलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. मी पुस्तक घेऊन सरळ बाहेर आले आणि आवारातल्या आंब्याखाली दगडावर बसले. आत पंगत मांडत होते. उडदाच्या आमटीचा वास येत होता, पोरं गात होती. मी ठरवलं, आज जेवायचं नाही. कुणाला शिक्षा देत होते कोण जाणे.

थोड्या वेळानं सलोमी बाहेर आली.

"ताई, चला, पान वाढलंय."

"मला भूक नाही."

"बरं." ती माझ्याशेजारी मातीतच टेकली, चांगल्या लुगड्यासकट. "मग मीपण नाही जेवत."

"तू जा की. तुझा आज मान आहे."

"कसला मान वो ताई!" ती एकदम उसळली. "लग्न होऊन आले तेव्हापासनं ऐकते, थोरल्या ताई लेखिका. पाहुणे आले की, या बघा आमच्या लेखिका. एक पान छापलेलं नाही तरी लेखिका! मी काय कमी जळले का तुमच्यावर? जळून जळूनच लिहिलं मी हे सगळं."

मग माझ्या पोटातून जे हसू आलं ते थांबेना. तीही हसायला लागली. दोघी म्हाताऱ्या मातीत बसून खिदळतोय, आणि आतून आमचे हे ओरडतायत, "अहो, आमटी संपली! नंतर आम्हाला बोलू नका!" आम्ही उठलो आणि आत गेलो.

त्या आठवड्यात मी शेवटची गोष्ट लिहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची उत्तरं तपासली, पण थोरला कोण आहे हे स्वतःच्या घरात मला दिसलं नव्हतं. त्याला आत न्यायचं की नाही, हे ठरवायचं काम माझं नव्हतंच. मी लिहिलं की बाप बाहेर आला आणि त्याच्याशेजारी चिखलात बसला, चांगल्या कपड्यांनिशी, आणि एकटा आत परत जाईना. तिथेच थांबले. मला तेवढंच खरं ठाऊक होतं. इतकी वर्षं मी शेवट घट्ट धरून बसले होते, हात सैल केला आणि पुस्तक झालं. ते काही फार थोर झालेलं नाही. एका गोष्टीत शेळीचा रंग मध्येच बदलतो, पण मुलांना चालतं.

तुमच्यापैकी कुणी प्रभूसाठी काही लिहायला घेतलं असेल आणि ते अर्ध्यावर पडलं असेल, तर या आजीचं ऐका. दुसऱ्याचं आधी झालं म्हणून आपल्याला द्यायचं देवाकडचं संपत नाही. राग आला तर तोही त्याच्यापुढे नेऊन ठेवा. आम्ही भोपळे ठेवतो, तुम्ही राग ठेवा, तो घेतो. आणि पूर्ण करा. चांगलं होईल की नाही याची काळजी त्याच्यावर सोडा.

सलोमीनं आता दुसरं पुस्तक लिहायला घेतलं आहे. परवा तिनं त्यातली एक प्रार्थना वाचून दाखवली, म्हाताऱ्या माणसांनी रात्री झोप येत नसताना म्हणायची. इतकी चांगली आहे की माझा पुन्हा जीव जळला. घरी येऊन मी दिवा मालवला, तिच्या हातांसाठी देवाचे आभार मानले, आणि झोप येईना म्हणून तिचीच ती प्रार्थना पुटपुटत पडून राहिले. केव्हा डोळा लागला कळलं नाही.